देवघरातली बाटली आणि बदकवाला म्हातारा

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि कावेरीकाठी पिढ्यान्‌पिढ्या वास करून असलेल्या महाराष्ट्रीय मंडळींस अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते, की आमच्या कुळात आजवर कोणीही मद्याच्या थेंबास शिवलेले नाही, कोणाच्याही डोक्यात कधी बिघाड झालेला नाही, आणि आमच्या घरात भूत नव्हते व नाही.

लग्नाच्या बैठकींत हा जाहीरनामा आमच्याकडून इतक्यांदा वाचला गेला आहे, की तो ऐकून भुतालाही स्वतःविषयी शंका आली असावी.

आता ज्यांची अब्रू जायची ती सगळी माणसं अब्रूसकट निघून गेली. मी साठी ओलांडली, मुलींची लग्नं झाली, आणि जावई पळून जातील अशी चिन्हं नाहीत. तेव्हा सांगायला हरकत नाही. तिन्ही गोष्टी आमच्याकडे होत्या, एकाच माणसात होत्या, आणि तो माणूस माझा थोरला भाऊ होता.

त्या वेळी कुंभकोणमात माझं सासर आणि माहेर यांच्यामध्ये एक देऊळ आणि एक काफीचं दुकान, एवढंच अंतर होतं. सासरची दुपारची भांडी उरकली की मी माहेरी. सासूबाई म्हणायच्या, "ही आमच्याकडे फक्त जेवायला येते." त्यामुळे पन्नास सालानंतरच्या त्या दोन वर्षांत माहेरी जे घडलं ते मी पाहिलं, जे पाहिलं नाही ते दाराआड उभं राहून ऐकलं.

अण्णा, तोच हा भाऊ, कालव्यावर ओव्हरसियर होता. अंगानं किरकोळ, पण नकला करायला लागला की घर भरून जायचं. कचेरीतला साहेब, कीर्तनकार, जांभई देणारी म्हैस, सगळं त्याच्या एका तोंडात. मला ही जी सांगायची खोड लागली ती त्याच्याचकडून. आमच्या आत्या, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, देवपूजेत हसू येतं म्हणून त्याला देवघराच्या दारात उभंसुद्धा राहू देत नसत.

एका जूनमध्ये हे सगळं थांबलं. का थांबलं ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखेच चुकाल.

उन्हाळ्यात आमच्याकडचे कालवे कोरडे असतात. पोरं त्यात चेंडू खेळतात, गाड्या उतरतात, पुलाखालच्या सावलीत माणसं झोपतात. जूनमध्ये वरून मेट्टूरच्या धरणाचं पाणी निघतं, तेव्हा आधी गावोगाव दवंडी पिटतात आणि मग कालव्याची दारं उघडतात. त्या वर्षीही दवंडी पिटली होती. पण दक्षिणेकडून एक म्हातारा बदकांचा कळप घेऊन आला होता. हे बदकवाले शेतांमधून कळप चारत गावोगाव फिरतात. दवंडीच्या वेळी तो कुठे तिसऱ्याच गावी होता. त्यानं दुपारी पुलावरून अण्णाला विचारलं, "सामी, पाणी सोडलं का?"

अण्णा म्हणाला, "अजून नाही."

ते खरंच होतं. अजून सोडलं नव्हतं. म्हातारा बदकं घेऊन पुलाखाली सावलीला गेला. मग वरून निरोप आला की पाणी अपेक्षेपेक्षा लवकर पोचतंय, दारं उघडा. अण्णानं उघडली. म्हाताऱ्याची आठवण त्याला झाली ती पाण्यावर बदकं दिसल्यावर. सगळा कळप मजेत तरंगत, कलकलाट करत पुलाखालून बाहेर आला. त्यांच्या मागून कुणी आलं नाही.

चौकशी झाली. दवंडी झाली होती, निरोप आला होता, कुणाची चूक नव्हती. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आईनं सत्यनारायण घातला, आणि आमच्या लेखी म्हातारा संपला.

अण्णाच्या लेखी तो पुलावर उभाच होता. तो एकच प्रश्न विचारायचा, आणि अण्णा उत्तर द्यायचा. आम्हाला प्रश्न ऐकू येत नव्हता, फक्त उत्तर यायचं. जेवताना मध्येच अण्णा मान वर करून शांतपणे म्हणायचा, "अजून नाही." आई भाताचा डाव मागे घ्यायची. थोड्या वेळानं पुन्हा, "अजून नाही." आईला वाटायचं पोराची भूक मेली. ती रडायला लागायची. मला आधी हसू यायचं. मग एकदा मी त्याच्या समोर बसले होते आणि माझ्या लक्षात आलं, की उत्तर देताना तो माझ्या खांद्यामागे बघतो, नीट, एका ठरावीक उंचीवर, जिथे माणसाचं तोंड असतं तिथे. त्यानंतर त्या घरात मी भिंतीला पाठ लावूनच बसायला लागले. आजही बसते. जावयांना वाटतं सासूबाईंची कंबर दुखते.

भूक मेली, झोप गेली, तेव्हा आई वैद्यांकडे गेली आणि द्राक्षासव घेऊन आली.

आता इथे थोडं थांबून तो काळ सांगायला हवा. मद्रास इलाख्यात दारूबंदी आली होती. ताडी बंद, दुकानं बंद, पोलीस नारळीच्या शेंड्याकडे बघत हिंडायचे. आणि त्याच सुमाराला आमच्या गावातल्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांना एकाएकी अशक्तपणा आला. वैद्यांच्या दुकानासमोर संध्याकाळी अशी गर्दी, की उत्सवात नसेल. तालमीतला पहिलवान म्हणायचा, "मला शक्ती कमी पडते." काही आसवं पोटात गेली की माणूस गाणं म्हणतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या घरात ठाऊक नव्हतं. आमच्या समजुतीप्रमाणे दारू मातीच्या मडक्यात असते, ती ताडावर लागते, आणि पिणारा गटारात पडतो. जी काचेच्या बाटलीत असते, जिच्यावर धन्वंतरीचं चित्र असतं आणि जी आई चांदीच्या पळीनं देते, ती दारू कशी असेल? आईनं ती बाटली देवघरात ठेवली होती, गंगाजळाच्या गडूशेजारी. आत्या वातावर म्हणून त्यातलंच थोडं घेत.

पहिल्याच दिवशी अण्णा झोपला. म्हातारा गप्प झाला. आईनं वैद्यांना नारळ दिला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. पळीची वाटी झाली, वाटीचा पेला. पेल्याखेरीज सकाळी हात थरथरायचा, दाढी करताना रक्त यायचं. आणि म्हातारा परत आला. आता नुसता आवाज नव्हता. सकाळच्या वेळी तो अण्णाला अंगणाच्या दारात दिसायचा, धोतर पिळत. अण्णानं कामावर जाणं सोडलं. कालव्याच्या वाटेला पाऊलच पडेना. दिवसभर ओट्यावर बसून राहायचा, आणि रस्त्यानं कुणी बदक नेलं तर उठून आत जायचा.

घरात दोन तट पडले. एका तटाच्या सेनापती आत्या. त्यांचा निकाल असा, की हे मेलेल्याचं लागणं आहे. भूत उतरवा, बाकीचं आपोआप सुटेल.

दुसऱ्या तटाचे सेनापती अण्णाचे सासरे, वहिनीचे वडील. तंजावरच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. काळा कोट गेला होता पण त्याच्या सुरकुत्या आवाजात राहिल्या होत्या. घराबाहेर चोख तमिळ, घरात मराठी, आणि दोन्हींत फक्त निकाल. मराठीचा एक शब्द त्यांनी कधी रस्त्यावर सांडला नाही. म्हणायचे, घरची भाषा घरच्या भांड्यासारखी, ती चारचौघांत वाजवू नये. त्यांना कुणीतरी वैद्यांच्या दुकानाची कीर्ती सांगितली होती.

"जावईबापू पितात," ते म्हणाले.

"औषध घेतो तो," आई म्हणाली.

"पेल्यानं?"

"अशक्त आहे."

"आणि तुम्ही हो," ते आत्यांकडे वळले, "तुम्ही म्हणता भूत. पुरावा काय?"

"पुरावा मागायला हे काय तुमचं कोर्ट आहे?" आत्या म्हणाल्या. "भुताला समन्स पाठवा, येईल!"

सासऱ्यांनी मग सरळ सांगितलं. महिनाभरात माणूस शुद्धीवर आला नाही, तर ते स्वतः त्याला मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवतील आणि लेकीला नातवंडांसह तंजावरला घेऊन जातील. ओळख होती, बोलणं झालं होतं. आमच्या गल्लीतून मागे एकाला असं नेलं होतं. त्याचे हात उपरण्यानं बांधले होते आणि वर शाल टाकली होती, लोकांना दिसू नये म्हणून. तो परत आल्याचं कुणी पाहिलं नाही. वहिनी हे सगळं चुलीशी बसून ऐकत होती. काफीचं आधण उतू गेलं तरी तिच्या लक्षात आलं नाही, आणि ती असली बाई नव्हती.

त्याच दिवसांत गावच्या सरकारी दवाखान्यात एक नवा डॉक्टर आला होता. तरुण, सावळा, धोतर चुकीचं नेसणारा. त्याचं एक वेड होतं, आणि दवाखान्यातले बाकीचे डॉक्टर त्यावर हसायचे. अफू खाणारे, टिंचर पिणारे, आसववाले, असे जे कुणी येत त्यांना तो नशेबद्दल थोडं विचारायचा आणि मग म्हणायचा, "त्याआधी काय होत होतं? झोप? भीती? कुणी बोलायचं?" आणि जे घाबरट, उदास, कानात आवाज येणारे येत त्यांना विचारायचा, "मग त्यावर काय घेता?" मद्रासच्या शिक्षकांनी त्याला शिकवलं होतं की हे दोन वेगळे आजार, दोन वेगळ्या खोल्यांतले. त्याला मात्र दोन्ही खोल्यांत तीच माणसं दिसत होती, आणि ते नीट शोधून काढायचं त्यानं मनावर घेतलं होतं. गावात त्याचं नाव पडलं "आधी-काय डॉक्टर".

वहिनी आपण होऊन त्याच्याकडे गेली. कुणाला न विचारता, एकटी, भर दुपारी. आमच्या गल्लीत त्या काळी ही बातमी भुतापेक्षा मोठी होती.

तो आला, ओट्यावर बसला, अण्णाशी इकडचं तिकडचं बोलला, आणि मग एका प्रश्नात त्यानं ते काढलं जे आम्ही इतक्या महिन्यांत काढलं नव्हतं.

"तो काय विचारतो?"

अण्णानं त्याच्याकडे पाहिलं. मग सांगितलं. पूल, बदकं, निरोप, सगळं. दारामागे मी होते, आई होती, आत्या होत्या. आईच्या हातात डाव होता. ती हळूच खाली बसली.

"आणि आसव घेतल्यावर?" डॉक्टरनं विचारलं.

"विचारत नाही. नुसता उभा राहतो."

मग डॉक्टरनं बाटली मागितली. आईनं देवघरातून आणून दिली. त्यानं वास घेतला. "अम्मा, हे यांना कोण देतं?"

"मीच की!" आई अभिमानानं म्हणाली. "रोज. न चुकता."

त्यानं फार हळुवारपणे सांगितलं. वाळवंटात पाऊस पडावा तसं नव्हे, शेणानं सारवलेल्या जमिनीवर तेल सांडावं तसं ते घरात पसरलं. आईनं वळून देवघराकडे पाहिलं. आत्या मात्र पाटावर टेकल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "तरीच. तरीच एकादशीला इतकं बरं वाटायचं."

सासरे त्या वेळी हजर होते. ते उठून उभे राहिले. "म्हणजे दारूच! मी काय म्हणत होतो?"

"भूतच! मी काय म्हणत होते?" आत्यांनी पाटावरूनच उत्तर दिलं.

डॉक्टरपुढे काफी आली होती. त्यानं ती पेल्यातून डवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, आणि डवऱ्यातून पेल्यात अशी उंचावरून ओतली, फेस आणला, आणि पेला सासऱ्यांपुढे धरला. "मामा, यातलं दूध मला वेगळं काढून द्या."

"हा काय पोरखेळ!"

"दारू आधी की आवाज आधी, हे मलाही शोधायचंय. पण आज हे असं झालंय. एकाला सोडून दुसऱ्यावर उपाय करता येणार नाही. दोन्ही बरोबर, आणि हळूहळू. आसव एकदम बंद करायचं नाही. थोडं थोडं कमी करायचं. एकदम बंद केलंत तर फार वाईट होईल."

हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. पण आमच्या आईनं ते ऐकलंच नाही. ती देवघराकडे बघत होती.

देवघरात दारू! गंगाजळाशेजारी! डॉक्टर गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत घरातल्या झाडून सगळ्या बाटल्या परसातल्या मोरीत रिकाम्या झाल्या. देव पंचगव्यानं न्हाले. घर शेणानं सारवलं. चांदीची पळी चिंचेनं घासून घासून झिजली. आत्यांनी स्वतःलाही प्रायश्चित्त लावून घेतलं. असलं सोवळं आमच्या घरात ना आधी झालं ना नंतर. माणूस मारायचा झाला तर आमच्याइतक्या शुचिर्भूतपणे कुणी मारणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात पाणी शिरलं.

म्हणजे अण्णाच्या लेखी. मी नुकतीच आले होते, पदरात सासूबाईंनी दिलेली वांगी होती. अण्णा माजघरात उभा, घामानं निथळत, सगळं अंग थडथडतंय. तो दाराकडे बघून किंचाळला, "सोडलं रे! पाणी सोडलं! वर चढा!" त्यानं मुलांना उचलून झोपाळ्यावर ठेवलं. वहिनीला ओढलं. आई सोवळ्यात होती, तिला कुणी शिवायचं नव्हतं. तिला त्यानं कडेवर घेतल्यासारखं उचललं आणि झोपाळ्यावर नेऊन बसवलं. मग मला. मी वांगी टाकून चढले. सांगते खरं ते, मी खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती, शेणाचे पट्टे नुकते वाळत होते, आणि तरीही मी पाय वर घेतले. झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या, मुलं रडत होती, आणि अण्णा खाली कमरेइतक्या नसलेल्या पाण्यात उभा राहून दाराकडे हात करून ओरडत होता, "आजोबा, वर या! वर या!"

मग तो पडला. तोंडाला फेस आला, डोळे फिरले. डॉक्टर धावत आला, सुई टोचली, आणि अण्णा वाचला. पण सासऱ्यांनी हे सगळं उंबऱ्यात उभं राहून पाहिलं होतं. "महिना वगैरे काही नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच कापला. "उभं राहण्याइतकी शक्ती आली की मद्रास."

डॉक्टर म्हणाला, "हे आसव एकदम थांबवल्यामुळे झालं. मला वेळ द्या."

आत्या म्हणाल्या, "आधी तिरुविडैमरुदूरचं देऊळ. मग तुमचं काय ते."

आम्हाला वाटलं डॉक्टर देवळाला नाही म्हणेल. तो म्हणाला, "मीही येतो. माझ्या शोधातली निम्मी माणसं तिथल्या प्राकारातच बसलेली असतात." आणि सासरे म्हणाले, "मीही. मद्रासची आगगाडी तिथूनच पकडू. सामान बरोबर घ्या." म्हणजे देऊळ झालं की मद्रास. वहिनीनं अण्णाच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. गाठ मारताना तिनं ती पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगाची एक रीत आहे. एका पांड्य राजाच्या घोड्याखाली एक ब्राह्मण मेला. राजाचा हेतू नव्हता, पण ब्रह्महत्या भूत होऊन मागे लागली. तो या देवळात पूर्वेच्या दारानं आत शिरला, तेव्हा हत्या दाराबाहेर अडून बसली, आणि देवानं सांगितलं, पश्चिमेच्या दारानं निघून जा. तेव्हापासून पूर्वेनं आत जायचं, पश्चिमेनं बाहेर, आणि मागं वळून पाहायचं नाही. मागे लागलेलं जे असेल ते पूर्वेच्या दाराशी वाट बघत बसतं. घोड्याची जटका हाकणाऱ्यांनाही हे पाठ आहे. माणसं पूर्वेला उतरवतात आणि चपलांसकट गाडी वळवून पश्चिमेच्या दाराशी नेतात. पूर्वेला चपला काढणारा माणूस नवखा समजावा.

आत्यांचा शास्त्रार्थ चालूच होता. वाटेत सासऱ्यांनी विचारलं, "मेलेला ब्राह्मण कुठे होता? बदकवाला तो!"

"पाण्याला विचारली होती का जात?" आत्या म्हणाल्या. "मग देवाला कशाला विचारता?"

आम्ही पूर्वेनं आत गेलो. दर्शन झालं, प्रदक्षिणा झाली. डॉक्टर प्राकारात बसलेल्या एकेकापाशी उकिडवा बसून आपलं "आधी काय" विचारत होता, एक बाई त्याला म्हणाली, "आधी नवरा." अण्णा शांत होता. बारीक झालेला, मान खाली. आम्ही पश्चिमेच्या दारापाशी आलो. बाहेर आमची जटका उभी, त्यात चपला, त्यात गाठोडं.

अण्णा थांबला.

"चल रे पोरा," आत्या म्हणाल्या. "मागं बघू नको."

"तो तिथं बसून राहील," अण्णा म्हणाला.

"राहू दे की! त्यासाठीच आलो."

"मी त्याला सांगितलंय अजून नाही म्हणून. तो बसून राहील, आत्या. आणि पाणी येईल."

सासऱ्यांनी घड्याळ काढलं. "जावईबापू, गाडीची वेळ."

तेव्हा वहिनी बोलली. नवऱ्याशी चारचौघांत ती कधी बोलत नसे. "चला," ती म्हणाली. "सांगून येऊ."

आणि ती दोघं मागं फिरली. त्या देवळात मागं फिरलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर नाही. आत्यांनी कानांवर हात ठेवले. एक गुरुजी "अरे, अरे" करत आडवे आले, डॉक्टरनं त्यांना हलकेच बाजूला घेतलं. सासरे पुढून अडवायला म्हणून भराभर चालत निघाले, आणि त्यांच्या मागून मी, कारण काहीही झालं तरी मी ते बघणार होते.

पुढचं आता सांगते. मधलं एक वाक्य मात्र माझ्याकडे ठेवते.

अण्णा मद्रासला गेला नाही. गाठोडं जसंच्या तसं घरी परत आलं. डॉक्टर रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा आणि अण्णाकडून ती जूनमधली दुपार पुन्हा पुन्हा सांगून घ्यायचा, थोडी थोडी, झेपेल तेवढी. आणि आसव पुन्हा घरात आलं. डॉक्टरनं माप ठरवून दिलं, दर आठवड्याला कमी. आईनं एकच अट घातली. त्यामुळे कुंभकोणमात आमचं घर हे एकमेव असेल, जिथे न्हाऊन, ओलेत्यानं, सोवळ्यात, दारू पळीनं मोजून दिली जायची. आत्या त्या वेळी मुद्दाम परसात जाऊन बसत. पळी हळूहळू थेंबावर आली, मग थांबली. अण्णाला पुढे कचेरीत बसायचं काम मिळालं. नकला त्यानं पुन्हा केल्या, पण म्हशीपलीकडे गेल्या नाहीत. दर जूनला तो आठवडाभर वाईट असायचा, एकदा आसवाकडे परतही वळला, पुन्हा सोडवावं लागलं. डॉक्टरची बदली झाली. त्याच्या शोधाचं पुढे काय झालं आम्हाला कळलं नाही. आधी काय, हे त्याला सापडलं की नाही तेही नाही. अण्णा म्हातारा होऊन झोपेत गेला. त्याचा बदकवाला पूर्ण कधीच गेला नव्हता. फक्त विचारायचा थांबला होता.

आणि मी? मी हसते, सांगते, लोकांना हसवते. पण जूनमध्ये कालव्यावरून जायची वेळ आली आणि खाली सावलीत कुणी आडवं दिसलं, की मी गाडी थांबवायला लावते आणि कठड्यावरून ओरडते. लोक उठून बसतात आणि मला शिव्या देतात. दोन-चार शिव्या तर अगदी नवीन शिकले.

आता ते ठेवलेलं वाक्य.

पूर्वेच्या दाराला पायऱ्या आहेत. त्यांच्यावर त्या दिवशी फुलवाल्या, भिकारी, नवसाची माणसं, अशी दाटी होती. अण्णा उंबरठ्यावर आला. त्यानं खाली पाहिलं, नीट, एका ठरावीक जागी, आणि तमिळमध्ये स्पष्ट म्हणाला, "आजोबा, सोडलं. मी सोडलं पाणी. उठा, वर या." मग तो वाकला आणि त्यानं हात पुढे केला, एखाद्या म्हाताऱ्याला ओढून घेताना करतो तसा, पाय रोवून, कोपर ताणून. वहिनीनं मागून त्याचं उपरणं धरलं होतं, दोघंही पाण्यात जाऊ नयेत म्हणून.

पायऱ्यांवरचा गलका थांबला. अण्णाचा हात तसाच ताणलेला होता. एक जाडी फुलवाली टोपलीसकट बरोबर त्याच्या हातासमोर बसली होती, तोंड उघडं टाकून. आणि माझ्या शेजारी उभे असलेले, पुरावा मागणारे, मद्रासची तिकिटं खिशात असलेले अण्णाचे शिरस्तेदार सासरे, ज्यांनी जन्मात रस्त्यावर मराठीचा शब्द काढला नव्हता, ते दोन्ही हातांनी त्या बाईला ढकलत, तिला एक अक्षर कळत नसताना, शुद्ध मराठीत ओरडले,

"अहो बाई, सरका ना बाजूला, म्हाताऱ्याला पाय ठेवायला जागा द्या!"